पाखरं उठली की गळ कुठे टाकायचा?

वळवाची पहिली दमदार सर पडून गेली की शेळगावच्या ऊसपट्ट्यात किड्यांचा मोसम सुरू होतो. दिवेलागणीला बांधावरच्या कडुनिंबांवर आणि बाभळींवर हुमणीचे तपकिरी भुंगेरे घोंगावू लागतात. पुढे मृगाच्या आगेमागे, जमीन चांगली भिजून वारा पडलेल्या एखाद्या संध्याकाळी वारुळांतून पंख फुटलेली वाळवी थव्याथव्यानं बाहेर पडते. शेतकरी या दोघांकडेही वैऱ्याच्या नजरेनं पाहतो आणि ते रास्तच आहे. पण त्याच संध्याकाळी तळ्यातल्या, कालव्यातल्या आणि उजनी धरणाच्या फुगवट्यातल्या माशांना मात्र वर्षातलं सगळ्यात सोपं जेवण मिळतं.

अशा संध्याकाळी मासा हमखास लागणार, असं गळ टाकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात अनेकदा उलटं होतं. पाण्यावर चहूकडे वर्तुळं उठत असतात, मासे डोळ्यांसमोर उसळत असतात, आणि गळाला लावलेल्या गांडुळाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. कारण सरळ आहे. मासा त्या वेळी एकच खाद्य, एकाच थरात, एकाच पद्धतीनं खात असतो. गळ त्या थरात नसेल, तर मासे कितीही असले तरी टोपली रिकामीच राहते. म्हणून या मोसमात आधी किडा ओळखायचा, मग पाण्याचा थर ठरवायचा आणि आमिषाचा विचार त्यानंतर करायचा.

दोन नद्यांमधला मुलूख

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमा वाहते, दक्षिणेला नीरा. पूर्वेच्या टोकाला नीरा नरसिंहपूरला दोघींचा संगम होतो. शेळगाव या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात, नीरा डाव्या कालव्याच्या भिजेत येतं. संत तुकाराम महाराजांची पालखी बेलवाडीचं रिंगण आणि अंथुर्णे मागे टाकून याच पट्ट्यातून निमगाव केतकीकडे जाते. पाऊस बेताचा, पण इंग्रजांच्या काळात आलेल्या कालव्यानं ऊस आणला आणि उसानं हुमणी आणली. इथल्या माणसाला मासेमारीसाठी तीन प्रकारचं पाणी जवळ आहे: कालवा आणि त्याच्या चाऱ्या, गावोगावची तळी व शेततळी, आणि तालुक्याच्या उत्तर कडेला पसरलेला उजनीचा जलाशय.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत, म्हणजे दरवाज्यांच्या पातळीखालचा. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशा बातम्या येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. असं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं आणि काठावरच्या गाळपेर जमिनीत पिकं उभी राहतात.

गळ टाकणाऱ्याला या आकड्यांशी थेट कर्तव्य आहे. किड्यांचा मोसम आणि जलाशयाची सगळ्यात खालची पातळी एकाच वेळी येते. पाणी आक्रसून जुन्या नदीपात्राकडे सरकलेलं असतं, मासे कमी जागेत दाटलेले असतात, आणि काठ म्हणजे झाड ना झुडूप असा उघडा गाळ. त्यामुळे बाभळीवरून भुंगेरा पाण्यात पडेल, ही आशा जूनमध्ये उजनीच्या उघड्या काठावर धरण्यात अर्थ नाही. भुंगेऱ्यांसाठी कालव्याच्या आणि गावतळ्याच्या कडेची झाडं. वाळवीसाठी जिकडे वारा वाहतो तो काठ. आणि उजनीच्या मऊ गाळावर तिसराच किडा, ज्याच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. तो समजून घ्यायला आधी दूरच्या एका सरोवराकडे पाहू.

लेक ईरीचा धडा

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या लेक ईरीत वॉलआय नावाचा शिकारी मासा आहे. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असल्यानं तो अंधुक उजेडात उत्तम पाहतो आणि सांजसकाळी शिकार करतो. त्या सरोवराच्या तळातल्या गाळात मेफ्लाय या किड्याची पिल्लं बिळं करून राहतात. जून-जुलैच्या संध्याकाळी ती गाळ सोडून वर येतात, पृष्ठभागावर कात टाकतात आणि पंख पसरून उडतात. ही झुंड इतकी मोठी असते, की हवामानखात्याच्या रडारवर ढगासारखी दिसते आणि काठावरच्या गावांत रस्त्यांवरून किडे फावड्यानं ओढावे लागतात.

तिथल्या गळ टाकणाऱ्यांचा अनुभव मोलाचा आहे. झुंड ऐन भरात असताना वॉलआय पोट फुटेस्तोवर खाल्लेला असतो आणि मोठ्या, चमकदार आमिषाला तोंड लावत नाही. तेव्हा जाणते लोक तीन गोष्टी करतात. आमिष लहान करतात, ओढ मंद करतात, आणि झुंडीच्या मधोमध न बसता गाळाचा सपाट तळ जिथे कठीण तळाला भिडतो त्या कडेला जातात. किडा पंख पसरून उडतो तेव्हाच्या देखाव्यापेक्षा त्याआधी तो गाळातून वर येत असतो ती वेळ त्यांना महत्त्वाची वाटते. मासा पाण्याच्या मधल्या थरात तेव्हाच सर्वाधिक खात असतो.

ईरीच्या पश्चिम भागातून हा मेफ्लाय १९५३ मध्ये जवळजवळ नाहीसा झाला होता. सांडपाण्यानं खतावलेल्या पाण्यात, वारा पडलेल्या उष्ण दिवसांत तळाचा प्राणवायू संपला आणि गाळातली पिल्लं गुदमरली. पाणी सुधारल्यावर १९९० च्या दशकात तो परतला. उजनीची गोष्ट इथेच वेगळी होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येतं. अशा गाळात मेफ्लाय तग धरत नाही. पण न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या चिलटांच्या लालभडक अळ्या मजेत राहतात. त्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कमी प्राणवायूतही त्यांचं भागतं.

हुमणीचे भुंगेरे

मोसमाची सुरुवात यांच्यापासून होते. हुमणीचा भुंगेरा वर्षातून एकदाच जमिनीबाहेर येतो, तो वळवाच्या पावसानं माती ओली झाल्यावर. म्हणजे बहुधा मे आणि जूनमध्ये. अंधार पडू लागला की तो निघतो, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतो, मीलन करतो, पाला खातो आणि उजाडण्याआधी पुन्हा मातीत शिरतो. ऊस पिकवणाऱ्यांना कृषी विद्यापीठं आणि साखर संस्था याच वेळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायला आणि प्रकाश सापळे लावायला सांगतात. गळ टाकणाऱ्याचं आमिष या कामातूनच फुकट मिळतं. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस घालणाऱ्या या पट्ट्यात ते शोधत हिंडावं लागत नाही.

एक खबरदारी मात्र कडक पाळावी. भुंगेऱ्यांसाठी अनेक शेतकरी कडुनिंब-बाभळींवर कीटकनाशक फवारतात. तसल्या झाडाखाली पडलेला, सुस्तावलेला भुंगेरा उचलू नये. जिवंत, पाय झाडणारा किडा हातानं पकडावा आणि भोकं पाडलेल्या डब्यात पाल्यासकट ठेवावा.

गळाला लावताना काटा पाठीच्या कठीण कवचाखालून घालून एका बाजूनं बाहेर काढावा. किडा मरत नाही आणि पाण्यावर तरंगत वळवळत राहतो. ६ ते ८ नंबरचा काटा पुरतो. शिसं लावू नये. कालव्याच्या कडेला पाण्यावर झुकलेली बाभूळ हेरावी, तिच्या वरच्या अंगाला उभं राहून किडा प्रवाहावर सोडावा आणि झाडाच्या सावलीखालून आपोआप वाहत जाऊ द्यावा. मोठी चिलापी आणि शिंगटा इथे लागतात. तळ्याच्या पाणवनस्पतींच्या कडेला हाच किडा मरळीसाठीही चालतो.

मरळीचं आणखी एक ध्यानात घ्यावं: ती हवेतला श्वास घेणारा मासा आहे. दर थोड्या वेळानं ती वर येऊन हवा घेते आणि तेव्हा उठणारं वर्तुळ खाण्याचं नसतं. एकदाच उठलेल्या वर्तुळावर गळ फेकून उपयोग नाही. त्याच ठिकाणी, वनस्पतींच्या कडेला, दोन-तीन वेळा खळबळ झाली आणि बारीक मासळी उडाली, तर समजावं की मरळ शिकारीवर आहे.

पंख फुटलेली वाळवी

वाळवी उडण्याचा दिवस अचूक सांगता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. आधल्या दिवशी किंवा त्याच दिवशी चांगला पाऊस, हवेत दमटपणा, वारा पडलेला, आकाश ढगाळ. एवढं जुळलं की वारुळाकडे नजर ठेवावी. कामकरी वाळवी वारुळाला फटी पाडते, सैनिक तोंडाशी पहाऱ्याला उभे राहतात आणि मग पंखवाले नर-माद्या बाहेर पडतात. जातीप्रमाणे वेळ बदलते. काही सांजेला उडतात, काही पहाटे. उड्डाण फार वेळ चालत नाही. जमिनीवर उतरल्यावर पंख गळून पडतात आणि जोड्या नवं घर शोधायला लागतात. त्यांतल्या बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात.

पक्षी हे सगळ्यात भरवशाचे खबरे. वेडे राघू आणि कोतवाल एकाच जागेवर हवेत गिरक्या घेऊ लागले, साळुंक्या जमिनीवर धावू लागल्या, घारी खाली उतरल्या, की वाळवी तिथून निघते आहे. त्या जागेपासून वारा कोणत्या दिशेला आहे, ते पाहावं. वाळवीचे पंख मोठे पण उडण्याची ताकद बेताची, त्यामुळे हलक्या झुळकेनंही ती भरकटते. ती ज्या काठाकडे वाहत जाईल त्याच काठावर बसावं. तिथे पाण्यावर गळालेल्या पंखांची फिकट रेघ दिसू लागते. त्या रेघेच्या कडेनं मासे खात असतात.

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. वरवर उड्या मारणारी मासळी असते चंदेरी, बोटभर लांबीची. तिच्यासाठी गळ टाकून संध्याकाळ वाया जाते. थोडा मोठा मासा तिच्या खाली, हात-दोन हात खोलीवर, भिजून बुडालेली वाळवी उचलत असतो. त्यासाठी १२ किंवा १४ नंबरच्या बारीक काट्यावर पंख काढलेल्या दोन-तीन वाळव्या ओवाव्यात. त्यापासून दोन हातांवर मोरपिसाच्या दांडीचा किंवा बारीक बुचाचा तरंगा लावावा. शिसं लावूच नये; लावायचंच झालं तर तांदळाच्या कणीएवढं. आमिष सावकाश खाली गेलं पाहिजे. तरंगा एकदम बुडण्याची वाट पाहू नये. तो नुसता आडवा सरकला तरी हलकेच ओढ द्यावी, कारण वाळवी खाणारा मासा ती घेऊन पळत नाही, जागच्या जागी गिळतो.

वाळवी मऊ असते आणि फेकताना गळून जाते. तेव्हा ऐन भरात आमिष बदलत बसण्यापेक्षा तपकिरी धागा काट्याच्या दांडीवर गुंडाळून घरीच चार-पाच नकली वाळव्या तयार कराव्यात. मागे फिकट रंगाच्या प्लास्टिकची बारीक पट्टी पंख म्हणून बांधली की झालं. अंधुक उजेडात चिलापी फार चिकित्सा करत नाही, आकार मात्र बरोबर हवा.

गाळातली चिलटं

उजनीच्या काठावरच्या गावांत पावसाळ्याच्या तोंडावर दिव्याभोवती चिलटांचे थवे जमतात. घरातल्यांना त्याचा वैताग येतो, पण ही चिलटं चावत नाहीत. पंख फुटल्यावर ती बहुतेक काही खातही नाहीत आणि थोड्या दिवसांत मरतात. त्यांचं खरं आयुष्य तळाच्या गाळात जातं. लाल अळी तिथे वाढते, कोशात जाते, आणि तो कोश संध्याकाळी हळूहळू वर येतो. पृष्ठभागाखाली तो थोडा वेळ लटकून राहतो आणि तेवढ्यात मासा त्याला टिपतो. वरून पाहणाऱ्याला दिसते ती पाण्याची किंचित हालचाल. उडी नाही, आवाज नाही.

लेक ईरीचा धडा इथे जसाच्या तसा लागू पडतो. तळ मऊ गाळाचा हवा, पण बसायची जागा गाळ आणि मुरमाच्या सांध्यावर. जून महिन्यात पाणी ओसरलेलं असताना काठावर चालून हा सांधा डोळ्यांनी पाहता येतो. काळा, भेगाळलेला गाळ संपून जिथे खडे दिसू लागतात तीच रेघ पाण्याखालीही पुढे गेलेली असते. मोसमाआधी एक दुपार फक्त ही पाहणी करण्यासाठी द्यावी. पाणी चढल्यावर हीच माहिती महिनाभर कामाला येते.

आमिष म्हणून लाल गांडुळाचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा, १४ ते १६ नंबरचा काटा. तो तळाला टेकवावा, थोडं थांबावं आणि वीतभर उचलून पुन्हा सोडावा. गांडुळाच्या लाल रंगानं अळीची आणि या मंद उचलीनं कोशाची नक्कल होते. चिलापी बहुधा आमिष वर येत असतानाच घेते. शिंगटा मात्र तळाशीच पकडतो, आणि त्याच्या पाठीवरच्या व कल्ल्यांजवळच्या काट्यांपासून हात सांभाळावा लागतो. गळ काढताना कापडाची घडी हाताशी हवी.

वर आलेला मासा खातोय की गुदमरतोय?

पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात आणखी एक दृश्य दिसतं आणि ते ओळखता आलंच पाहिजे. शहरांकडून साचलेली घाण पहिल्या पुराबरोबर वाहून येते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत राहतात. नवख्याला वाटतं, मासे पाखरं खात आहेत.

फरक असा: खाणारा मासा वर येतो, टिपतो आणि खाली जातो, वर्तुळ उठून विरतं. गुदमरणारा मासा वरच राहतो, तोंड पाण्याच्या कडेशी धरून, जवळ गेलं तरी पटकन बुडत नाही. असे मासे अनेकदा पहाटे दिसतात, कारण रात्रभरात पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो. ते आमिष घेत नाहीत. हातानं धरता येतात म्हणून कुणी पकडलेच, तर ते खाण्यासाठी घरी नेऊ नयेत. मेलेला मासा तर नाहीच नाही. पाण्याला वास, काळपट रंग आणि फेस दिसला तर त्या दिवशी गळ गुंडाळून कालव्याकडे किंवा तळ्याकडे वळावं.

साहित्य आणि संध्याकाळचं वेळापत्रक

फार खर्च नको. सात ते नऊ फुटांची दुमडती काठी किंवा चांगला वेळू, चिलापीसाठी बारीक तंगूस, मरळीसाठी जाड. मरळीला जिवंत बेडूक लावण्याची जुनी रीत सोडून द्यावी; बाजारात रबरी बेडूक मिळतो, तो पाणवनस्पतींवरून सरकवता येतो आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो. कपाळाला बांधायचा दिवा लाल प्रकाशाचा घ्यावा. पांढऱ्या दिव्यावर सगळी पाखरं तोंडावर येतात आणि काटा ओवणं मुश्किल होतं. लाल प्रकाशाकडे ती फारशी येत नाहीत.

सूर्य मावळायच्या तासभर आधी पाण्यावर पोचावं. पहिला वेळ तळाशी गांडुळावर घालवावा, कारण कोश वर यायला तेव्हा सुरुवात होते. पाखरं दिसू लागली की तरंगा लावून मधल्या थरात यावं. झुंड ऐन भरात आली आणि आमिष कुणी विचारेनासं झालं, तर हताश होऊन तेच ते करत बसू नये. झुंडीच्या कडेला, पन्नास-शंभर पावलं बाजूला सरकावं. तिथे खाद्य विरळ असतं आणि मासा निवड कमी करतो. दुसऱ्या दिवशी पहाटेही पुन्हा त्याच काठावर जावं. रात्रभरात बुडालेली वाळवी कडेला साचलेली असते आणि रात्री पोट भरलेले मासेही तेव्हा पुन्हा खायला येतात.

जिवाशी खेळ नको

ज्या हवेत पाखरं उठतात तीच हवा या पाण्यावर सर्वांत घातक असते. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला. वळवाच्या ढगातून पाऊस येण्याआधी वाऱ्याचा झोत येतो आणि उजनीसारख्या उघड्या पाण्यावर काही मिनिटांत लाटा उठतात. क्षितिजावर काळा ढग उभा राहताना दिसला की होडी पाण्यात घालूच नये. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ भागात पक्षी दाखवायला नेणारे नावाडी आहेत. त्यांना पाण्याची जाण असते. त्यांनी नाही म्हटलं तर हट्ट धरू नये. होडीत जीवरक्षक जाकीट अंगात घातलेलंच असावं. पायाशी ठेवलेल्या जाकिटाचा उपयोग नाही.

वीज हा दुसरा धोका. कार्बनची काठी वीज वाहून नेते आणि मोकळ्या काठावर उभा माणूस हाच सर्वांत उंच ठरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं विकसित केलेलं ‘दामिनी’ हे अ‍ॅप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. ते फोनवर असावं. गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवून पाण्यापासून दूर जावं, पण एकट्या झाडाखाली थांबू नये.

उघडा पडलेला गाळ वरून वाळून टणक दिसतो, आत मात्र तो लोण्यासारखा मऊ असतो. हातात लांब काठी घेऊन, पुढे टोचत चालावं, एकट्यानं अंधारात नव्या वाटेनं जाऊ नये. पहिल्या पावसात बेडकांमागे साप निघतात. घोणस या भागात आहे. पायात उंच बूट हवेत.

कोणता मासा ठेवावा, कोणता सोडावा

किड्यांचा मोसम आणि आपल्या नदीतल्या बहुतेक माशांचा विणीचा काळ एकत्रच येतात. कटला, रोहू, मृगळ यांच्या माद्या पावसाच्या तोंडावर अंड्यांनी भरलेल्या असतात. पोट फुगलेली मादी लागली तर ओल्या हातानं गळ काढून लगेच सोडावी. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर फिरताना दिसला, तर त्याखाली मरळीचे आई-बाप राखण करत असतात. तिथे गळ टाकू नये. ते गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

चिलापीबाबत एवढा विचार नको. ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आलेली. उजनीत आज तिचं राज्य आहे आणि भिगवणच्या बाजारात तिचेच ढीग असतात. तिची पैदास जवळजवळ वर्षभर चालते. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. अंगावर खडबडीत चिलखत असलेला सकर मासा लागला तर तो पाण्यात परत सोडू नये. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि इथल्या माशांच्या मुळावर उठलेला.

जलाशयात मासेमारीसाठी परवाना लागतो. उजनी असो की गावतळं, हौसेनं गळ टाकतानाही मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय किंवा तळं चालवणारी स्थानिक संस्था यांच्याकडे आधी विचारावं. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्याला तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. बारीक आसाचं वडाप जाळं ओढून बोटभर पिल्लं काढणाऱ्यांमुळे परवानाधारक मच्छीमारांची पुढच्या वर्षांची कमाईच बुडते. असं काही दिसलं तर विभागाला कळवावं.

शेततळं असेल तर

शेळगावच्या आसपास डाळिंब-द्राक्षांसाठी केलेली शेततळी बरीच आहेत आणि काहींत मासेही सोडलेले असतात. मे-जूनमध्ये तळ्याच्या पाण्यावर हातभर उंचीवर दिवा टांगला की भुंगेरे आणि पाखरं त्यावर आदळून पाण्यात पडतात. उसाची हुमणी कमी होते आणि माशांना खाद्य मिळतं. पण कोणते मासे सोडलेत त्यावर फायदा ठरतो. कटला पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातो, मृगळ तळ चाळतो. भुंगेरा त्यांच्या कामाचा नाही. चिलापी मात्र तो फोडून खाते. सापळ्यात कीटकनाशक अजिबात नको. दिवा जास्तीत जास्त रात्री नऊ-दहापर्यंत ठेवावा, कारण उशिरा मित्रकीटकही त्यावर येतात. प्लास्टिकच्या अस्तराचे काठ ओले झाले की घसरतात आणि आत पडलेल्याला बाहेर पडता येत नाही; म्हणून काठाला पक्का बांधलेला, गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा.

जुलैनंतर

पाखरांचा मोसम महिना-दीड महिन्यात ओसरतो. मग इंदापूरकरांचं लक्ष दौंडच्या विसर्गाकडे लागतं, कारण वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी तिथून उजनीत येतं. पाणी चढू लागलं की गाळपेर जमिनीतलं गवत, भेगांतली गांडुळं, मुंग्या आणि किडे पाण्याखाली जातात आणि मासे त्यांच्या मागे काठाकडे सरकतात. या दिवसांत लांब फेकण्याची गरज नसते. अख्खं गांडूळ, ८ नंबरचा काटा आणि काठापासून चार-पाच हातांवर टाकलेला गळ पुरतो. पाणी रोज चढत असेल तर बैठकही रोज मागे न्यावी लागते. काल उभं राहायची जागा आज गुडघाभर पाण्यात असते, आणि मासे बहुतेक त्याच नव्या, गुडघाभर पाण्यात असतात.